एक अक्षर म्हणजे किती? आजी-नातवाच्या शब्दखेळाचं प्रकरण

मराठीत दोघांनी खेळायचा शब्द ओळखण्याचा खेळ करायला बसलं की आधी एकच प्रश्न आडवा येतो: एक अक्षर म्हणजे नेमकं किती? आमच्या घरात हा प्रश्न 'खिडकी' या शब्दावरून निघाला आणि तो सोडवता सोडवता पिशवीत मावेल असा एक पूर्ण खेळ तयार झाला. तो कुठे अडला, कोणता नियम कशासाठी ठेवला आणि कोणता मोडीत काढला, ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी मराठी शिकवते, त्यामुळे या प्रकरणात मी तटस्थ नाही. आजी आणि नातू समोरासमोर बसून मराठीत डोकं लढवतात हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं, आणि ते आणखी घरांत दिसावं म्हणूनच हा खटाटोप.

खेळणारे दोघे

आई नागपूरच्या महाल या जुन्या भागात राहते. सत्तरी ओलांडली आहे. सगळी नोकरी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत गेली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे बारीक छापलेलं वाचताना तिला त्रास होतो. कान मात्र तल्लख.

भाचा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात चौथीला. दादा-वहिनींचं घर जयप्रकाशनगरला आहे, दोघंही नोकरी करतात. वहिनी मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांमध्ये भाचा आजीकडे असतो.

त्याला मराठी कळत नव्हतं असं अजिबात नाही. आजी मराठीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. सोसायटीतली सगळी पोट्टी खाली हिंदीतच खेळतात, आणि नागपुरात हे काही आजचं नाही. हे शहर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि 1950 पासून 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरी, बाजार आणि गल्ली इथे पिढ्यान् पिढ्या दोन भाषांत चालत आली. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, त्यामुळे भाच्याला देवनागरी नीट वाचता-लिहिता येते. पण ती वहीत, परीक्षेपुरती. आईचं दुखणं तेच होतं. मला एकदा म्हणाली, "पोट्टं मराठीत पास होते, पण माझ्याशी मराठीत भांडत नाही." माझ्या मते याहून नेमकं निदान कुणी केलं नसतं.

खिडकीचा वाद

मे महिन्यातली नागपूरची दुपार. पारा पंचेचाळीसकडे, रस्ते ओस, घरात कूलर सुरू आणि पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. भाच्यानं शाळेत शिकलेला खेळ काढला: कागदावर रेघा मारायच्या, समोरच्यानं एकेक अक्षर विचारायचं, चुकलं की फासावरच्या माणसाचा एकेक अवयव काढायचा. आईला फासाचं चित्र मुळीच आवडलं नाही. त्याऐवजी संत्र्याच्या फोडी काढायच्या असं ठरलं. चुकलं की एक फोड कमी.

आईनं शब्द धरला 'खिडकी'. तीन रेघा. भाच्यानं विचारलं, "क आहे का?" आई म्हणाली, "नाही."

फोडी संपल्या, शब्द उघडला आणि भाचा उसळला. "आजी, तू चीटिंग करून राहिली! की मध्ये क नाही तर काय आहे?" आई शांतपणे म्हणाली, "क म्हणजे क. की म्हणजे की. बाराखडीत दोन वेगळी घरं आहेत ना?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. भाचा इंग्रजी लिपीच्या सवयीनं विचार करत होता. तिथे क हा एक तुकडा आणि ई हा दुसरा. आई ज्या पद्धतीनं वाचायला शिकली आणि हजारो मुलांना शिकवलं, त्यात 'की' हे एक सबंध अक्षर आहे. आईचा हिशेब धरला तर खेळ खेळताच येत नाही, कारण 34 व्यंजनं गुणिले बाराखडीची 12 रूपं म्हणजे 408 अक्षरं झाली, आणि यात जोडाक्षरं धरलेलीच नाहीत. एकेक विचारत बसलं तर संत्र्याची अख्खी बाग लागेल. भाच्याचा हिशेब धरला तर 'क आहे' असं सांगताना की, कु, को यांपैकी काय ते सांगायचं की नाही, हा वाद उरतो.

त्या दुपारी खेळ मोडला. पण मराठीत भांडण झालं, ही गोष्ट आईच्या लक्षात आली.

एकेक अक्षर सोडून सबंध शब्द

मला विचारलं तेव्हा मी दुसऱ्या जातीचा खेळ सुचवला. शब्द ओळखण्याच्या खेळांत एक प्रकार असा आहे की अक्षर विचारायचंच नाही, थेट एक सबंध शब्द टाकायचा आणि समोरच्यानं तो गुप्त शब्दाशी किती जुळतो ते सांगायचं. अमेरिकेत 1955 साली मॉर्टन रोझेनफेल्ड यांनी काढलेला जोटो हा खेळ असाच. दोन माणसं, पाच अक्षरी इंग्रजी शब्द, कागद आणि पेन्सिल. उत्तरात फक्त किती अक्षरं सामाईक आहेत तो आकडा सांगायचा. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये जॉश वॉर्डल यांनी सगळ्यांसाठी खुला केलेला वर्डल हा इंटरनेटवरचा खेळ त्याच घराण्यातला. त्यात आकड्याऐवजी प्रत्येक घराला रंग मिळतो. पण वर्डलमध्ये समोर माणूस नसतो. आम्हाला माणूस हवा होता.

मराठीसाठी खुणा नव्यानं ठरवाव्या लागल्या. बऱ्याच खटपटीनंतर टिकल्या त्या अशा. गुप्त शब्द तीन अक्षरी. टाकलेल्या शब्दातलं अक्षर मात्रेसकट त्याच घरात असेल तर गोळा. घर तेच आणि व्यंजन तेच, पण मात्रा वेगळी असेल तर अर्धा गोळा. व्यंजन शब्दात आहे पण दुसऱ्या घरात, तर टिंब. तिथे मात्रा बघायची नाही. काहीच नसेल तर फुली. म्हणजे 'खिडकी'च्या वेळी भाच्यानं 'चादर', 'टोपली', 'बादली' असं काही टाकलं असतं, तर तिसऱ्या घरातली फुली बघून त्याला निदान ल आणि र तिथे नाहीत एवढं कळलं असतं. आणि 'मुळाक्षर की बाराखडी' हा वाद आपोआप मिटला: आईचं सबंध अक्षर गोळ्यात आलं, भाच्याचं व्यंजन अर्ध्या गोळ्यात आणि टिंबात.

अर्धा गोळा हा या खेळाचा प्राण आहे असं मी ठामपणे म्हणेन. इंग्रजी खेळाची नुसती नक्कल केली असती तर ही खूण सुचलीच नसती.

एक डाव, जवळून

हा डाव महालातल्या माजघरात झाला आणि मी शेजारीच बसले होते. शब्द आईनं धरला होता.

भाच्याची पहिली चाल 'कागद'. तीन फुल्या. क, ग, द तिन्ही गेले.

दुसरी चाल 'बासरी'. आईनं खाली खुणा केल्या: बा खाली टिंब, स खाली टिंब, री खाली अर्धा गोळा.

इथे तो थांबला. बराच वेळ गप्प. आई म्हणाली, "काय विचार करून राहिला रे एवढा?" त्यानं हातानंच थांब म्हटलं आणि मग मोठ्यानं मांडायला लागला. र तिसऱ्या घरात पक्का, पण री नाही. ब पहिल्या घरात नाही, तिसऱ्यात र आहे, म्हणजे ब दुसऱ्यात. उरलं पहिलं घर, तिथे स. आता तिन्ही व्यंजनं जागेवर बसली: स, ब, र. फक्त मात्रा हव्यात. तो पुटपुटत राहिला, "साबर... सुबर... सोबर..." आणि एकदम ओरडला, "सांबर! पेंचच्या जंगलात पाहिलं होतं ते!"

सां खाली गोळा, ब खाली अर्धा, र खाली गोळा.

मग एका क्षणात 'सांबार'. त्याच्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरचं वाटीतलं सांबार होतं. आईनं मात्र सकाळी भाजीवाल्याकडून घेतलेली सांबाराची जुडी मनात धरली होती. विदर्भात कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो, हे भाच्याला माहीत होतं, पण ते त्याच्या मनात आलं नव्हतं. अर्थ दोघांचे निराळे, तरी खुणा बरोबर आल्या, कारण खेळ फक्त अक्षरं तपासतो.

मला या डावात सगळ्यात जास्त आवडली ती त्याची मोठ्यानं केलेली मांडणी. ती सबंध मराठीत होती. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. मराठी अक्षरांची जुळवाजुळव मराठीतच सोपी जाते, एवढंच कारण.

नियमांवरची भांडणं

जोडाक्षरं आधी बाद ठरवली होती. दोन दिवसांत लक्षात आलं की त्यामुळे पुस्तक, बिस्कीट, स्टेशन असे रोजचे शब्दच हद्दपार होतात. मग जोडाक्षराला एकच घर दिलं, पण त्या घरात दोन व्यंजनं राहतात असं मानलं. गुप्त शब्द 'पुस्तक' असेल आणि समोरून 'पातळ' आलं, तर पा खाली अर्धा, त खाली अर्धा, ळ खाली फुली. अर्ध्याचा अर्थ थोडा रुंदावला: घर बरोबर, पण पूर्ण जुळत नाही. रफार, अनुस्वार सगळं यातच बसलं. ज्ञ चा प्रश्न आईनं सोडवला. बोलताना आपण द्न्य म्हणतो, पण खेळ लिहिलेल्याचा, म्हणून तो ज आणि ञ चा धरायचा. एका व्यंजनाला खूण एकदाच, हाही नियम लवकर लागला. 'कागद' गुप्त असताना 'काकडी' टाकलं तर का ला गोळा, पुढच्या क ला फुली, कारण क एकच आहे.

विभक्तीचा आणि क्रियापदांच्या रूपांचा गोंधळ जास्त मोठा. घराला, झाडाचे, बसला, खातात ही सगळी तीन अक्षरीच. भाचा गुप्त शब्द म्हणून 'मुलांना' धरायला लागला तेव्हा आईनं हरकत घेतली. ठरलं असं की गुप्त शब्द मूळ रूपातच हवा, चाल म्हणून मात्र काहीही टाकता येईल. करणे, बसणे अशी क्रियापदं गुप्त शब्दांतून काढून टाकली, कारण एकदा णे ला गोळा मिळाला की शब्द अर्धा उघडा पडतो. विशेषनामं नकोत, पण गाडीत बसल्यावर त्या गाडीच्या वाटेवरची स्टेशनं चालतील: अकोला, शेगाव, नांदुरा. गावांच्या नावांच्या भेंड्या खेळून मोठ्या झालेल्या घरात ही सवलत द्यावीच लागते.

खरी ठिणगी पडली वेलांटीवरून. भाच्यानं गुप्त शब्द लिहिला 'तिकिट'. आईनं बरोबर ओळखून 'तिकीट' टाकलं आणि तिला मधल्या घरात अर्धा गोळा मिळाला. ती पुढे की च्या जागी के, को, का शोधत बसली. शब्द उघडल्यावर जे झालं ते लिहायला नको. आईचं म्हणणं: चुकीचं लिहिणाऱ्याला दंड. भाच्याचं म्हणणं: मग मी फक्त मात्रा नसलेले शब्दच धरीन.

भाच्याच्या धमकीत तथ्य होतं. दंड लावला की मूल कमळ, सरळ, गवत एवढ्यावरच राहतं, आणि खेळ आटतो. म्हणून खुणांपुरती पहिली आणि दुसरी वेलांटी एक, पहिला आणि दुसरा उकार एक, असं ठरलं. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटलेलं नाही. मला शंभर टक्के पटलं आहे. आईनं एक अट घातली: डाव संपला की शब्द कार्डाच्या मागच्या बाजूला शुद्ध लिहायचा. तिथेच तिनं त्याला मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतला एक नियम दाखवला. 1962 चे 14 नियम आणि 1972 मध्ये वाढवलेले 4, सगळे तिला तोंडपाठ. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीची वेलांटी-उकार दीर्घ: तिकीट, वकील, गरीब, फूल. भाच्यानं लगेच विचारलं, "मग मंदिर?" आई खूश. तत्सम शब्द कसे वेगळे, हे समजावायला तिला स्वतःहून विचारणारा विद्यार्थी मिळाला होता.

वहिनीची यादी

वहिनीला वाटलं, तीन अक्षरी शब्दांची यादी करून द्यावी, म्हणजे 'हा शब्द आहे का' हे भांडण मिटेल. तिनं मजकुराच्या मोठ्या फायलीतून लांबी तीन असलेले शब्द काढले. निघाले काय? कमळ बरोबर, पण त्याच्याबरोबर काम, पाट, चहा असे दोन अक्षरी शब्दही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. 'काम' म्हणजे क, काना, म असे तीन. 'पुस्तक' म्हणजे सहा. सबंध अक्षर मोजायचं तर वेगळा नियम लावावा लागतो, आणि तिथेही सप्टेंबर 2023 च्या 15.1 आवृत्तीपर्यंत युनिकोडचा ठरावीक नियम 'स्त'चे दोन तुकडे करत होता. त्या आवृत्तीपासून देवनागरीचं जोडाक्षर एकत्र धरलं जातं. म्हणजे खिडकीवरून आमच्या घरात जो वाद झाला, तोच संगणकाच्या दुनियेतही बरीच वर्षं लोंबकळत होता. वहिनीनं यादी दुरुस्त केली, नीट तीन अक्षरी शब्द आले.

तरी यादीला पंच नेमलं नाही. शब्द खरा की खोटा हे दोघांनी ठरवायचं. कारण यादीत आमचे विदर्भातले कितीतरी शब्द नव्हते, आणि आईच्या तोंडचा शब्द यादीत नाही म्हणून बाद करणं मला तरी सहन झालं नसतं.

ओळखीचा शब्द

आता या प्रकरणाचा गाभा. सुरुवातीला भाचा सतत हरायचा. जितक्या चाली लागतील तितके गुण शब्द धरणाऱ्याला, असा हिशेब होता. आई जुन्या वाड्यात वाढलेली. ती धरायची कोनाडा, उंबरा, पडवी, उखळ. भाचा धरायचा रिमोट, चार्जर असे शब्द, आणि ते सगळे आईला माहीत. लढाई एकतर्फी. तो कंटाळायला लागला.

वर्डल तयार होतानाही हाच पेच होता. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे 12,000, पण त्यातले कितीतरी कुणी ऐकलेलेही नसतात. वॉर्डल यांच्या जोडीदार पलक शाह यांनी ते एकेक तपासून ओळखीचे सुमारे 2,500 निवडले. एका माणसाच्या ओळखीवर ती यादी उभी राहिली.

आमच्याकडे दोन माणसं होती, म्हणून नियम असा केला: शब्द उघडल्यावर ओळखणारा म्हणाला की 'हा मी कधी ऐकलेलाच नाही', तर धरणाऱ्याला त्या डावाचे शून्य गुण. दादाला वाटलं, पोट्टं खोटं बोलेल. मला वाटलं, बोलू दे. खोटं बोलून 'उंबरा' ऐकलाच नाही म्हणायचं तर आजीच्या घराचा उंबरा ओलांडताना त्याला ते आठवणारच.

झालं ते कुणीच योजलं नव्हतं. आईला शून्य नको होतं, आणि जुने शब्द सोडायचेही नव्हते. मग ती संध्याकाळी खेळायचा शब्द सकाळपासून बोलण्यात आणू लागली. "त्या कोनाड्यातली उदबत्ती दे रे." "आज पडवीत बसू, इथे उकडते." संध्याकाळी 'कोनाडा' निघाला की भाचा कसा म्हणेल, ऐकला नाही? सकाळी त्यानंच तर उदबत्ती आणून दिली होती.

भाच्याच्या हे लक्षात आलं. त्यानं आजीला सांगितलं नाही. तो तिचं बोलणं कान देऊन ऐकायला लागला. आजी नेहमीपेक्षा वेगळा शब्द बोलली की मनात टिपून ठेवायचा, आणि संध्याकाळी पहिलीच चाल त्या शब्दाची. आई एका डावात पहिल्या चालीत पकडली गेली, शब्द होता 'फडकं'. तिला उमगलं की आपण पकडलो गेलो. तेव्हापासून ती दोन-तीन वेगळे शब्द पेरते आणि त्यातला एक धरते. कधी एकही धरत नाही. आता दिवसभराचं बोलणं हाच खेळाचा अर्धा भाग झाला आहे, आणि त्या बोलण्यात भाचा हिंदीत उत्तर देत नाही, कारण त्यालाही आपले शब्द पेरायचे असतात.

कार्ड

पाटीवर खेळून पाहिलं. खडूची भुकटी गादीवर पडते. वही चालते, पण पानं संपतात आणि प्रवासात पेन्सिल घरंगळते. शेवटी सीताबर्डीच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर छापून लॅमिनेशन करून घेतलं, मधोमध घडी, शिवणीला बुकबाइंडिंगची पट्टी. घडी उभी केली की छपरासारखं राहतं आणि आतल्या बाजूला गुप्त शब्द लिहिता येतो. मार्कर दोरीनं बांधलेला. पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा.

घरांच्या मापावर बराच वेळ गेला. पहिली घरं चौकोनी काढली होती, इंग्रजी शब्दकोड्यासारखी. त्यात वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांवर चढायचे, आणि आईला कु की क ते दिसायचं नाही. आता घरं उभट आहेत, आत फिकट शिरोरेषा छापलेली, तिच्यावर मात्रेला आणि खाली उकाराला जागा. प्रत्येक घराखाली खुणेची वेगळी पट्टी. डाव्या कडेला अंगठ्यापुरती रिकामी जागा, नाहीतर कार्ड धरताना लिहिलेलं पुसलं जातं.

सगळ्यात खाली व्यंजनांचा तक्ता, फुली पडली की खोडायला. कवर्गापासून पवर्गापर्यंत पाच ओळी, मग य र ल व श, मग ष स ह ळ. 34 झाली. उरलेल्या घरात 'स्वर' लिहिलं, कारण अ, आ, ऊ असे स्वर आम्ही एकाच कुळातले धरतो. सात ओळी पाच रकान्यांत चपखल बसल्या. या तक्त्यामुळे भाच्याला एक युक्ती सापडली. ळ नं किंवा ण नं मराठी शब्द सुरू होत नाही. मग 'सकाळ' टाकून ळ ला टिंब आलं, तर ळ मधल्याच घरात असणार: हळद, पळस, काळजी. आईनं हे आयुष्यभर शिकवलं होतं, पण एखाद्या मुलाला ते इतकं उपयोगी पडताना तिनं पाहिलं नव्हतं.

घराबाहेर

मेट्रोत खेळ उत्तम चालतो. जयप्रकाशनगरला बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, चितार ओळी चौकात उतरायचं. तेवढ्यात एक डाव होतो.

पुण्याच्या रात्रीच्या गाडीत दिवे मालवेपर्यंत कार्ड, नंतर तोंडी. तोंडी खेळात आमच्या बोलीनं घोळ घातला. आपल्याकडे बोलताना ण चा न सर्रास होतो, आणि अंधारात श, ष, स तर एकच. मग आईनं शाळेतली जुनी नावं काढली: बाणातला ण, शेंडीफोड्या श, पोटफोड्या ष. वरच्या बर्थवरचे काका हळूच म्हणाले, "बासरी टाकून पाहा." म्हणजे तेही मनातल्या मनात खेळत होते.

उन्हाळ्यात कूलरसमोर तोंडी खेळ जमत नाही. ब आणि प मध्ये फरकच ऐकू येत नाही. फोनवर त्याहून कठीण. त्यापेक्षा दोन्हीकडे एकेक कार्ड ठेवून चाली बोलायच्या आणि खुणा स्वतः काढायच्या, हे बरं. पुण्याच्या मावसबहिणीसाठी भाच्यानं दुसरं कार्ड नेऊन दिलं ते त्यासाठीच. तिघांनी खेळायचा प्रयत्न फसला. दोघं बोलतात, तिसरा फोन काढतो.

चार अक्षरी शब्दांचा आग्रह दादा धरतो. मला तो पटत नाही. मराठीत चार अक्षरांवर गेलं की जोडशब्द आणि प्रत्यय वाढतात, वाला, दार, पणा असे शेवट ओळखून शब्द सुटतो, आणि विचार करण्यासारखं कमी उरतं. तीन अक्षरांत अजून खूप शिल्लक आहे.

कार्डं पुन्हा छापायची वेळ आली आहे, उन्हानं कडा सुटल्या. तक्त्यात एक बदल करायचा का, यावर सध्या घरात दोन तट आहेत. आईचं म्हणणं, ङ आणि ञ ची घरं कुणी कधी खोडत नाही, तिथे क्ष आणि ज्ञ घ्यावेत. भाच्याचं म्हणणं, ती दोन घरं काढली तर वर्गाची ओळ मोडते, आणि ज्ञ चा ञ मग कुठे खोडायचा?